पाटलाच्या दारातली सायकल

गाव सोडलं तेव्हा मायनं डोक्यावर बोचकं घेतलं होतं, बानं खांद्यावर धाकट्या भावाला. मी दहा वर्षांची, माझ्या हातात कोंबडी. चावडीवर पंधरा-वीस माणसं बसून बघत होती. कोणी उठलं नाही. त्यांची गाय सुटली असती तर उठले असते.

गावाचं नाव लिहीत नाही. कनेरगाव नाक्यावर उतरून आत जावं लागतं, एवढं पुरे. तिथून निघालेल्या तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे.

तुमची पोरं सांगतात, दुष्काळामुळं आलो. खोटं आहे. गावात कोणी मेलं की सोयऱ्यांना सांगायला आमच्या माणसानं पायी जायचं, ही रीत. बा परक्या अंगणाबाहेर उभा राहून मरण सांगायचा. आत रडारड, बाहेर बा. मग वरून भाकरी टाकायचे. बौद्ध झाल्यावर त्यानं हे सोडलं. त्यातच पाटलाची आई मेली. तिची लेक पुसेगावला दिलेली. पाटलानं बाला बोलावलं. बा म्हणाला, "दोन तरणे लेक हायेत, दारात सायकल हाय. मी काहून जाऊ?"

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं आमचं दळण परत केलं. दुकानदारानं मीठ दिलं नाही. मजुरी बंद. माय म्हणाली, "एक डाव गेला असता तर काय पाय झिजले असते?"

"झिजलेच हायेत," बा म्हणाला.

पंधरा दिवस बिनमिठाची ज्वारी उकडून खाल्ली, मग निघालो.

हिंगोलीत बा पोती उचलू लागला. मी चौथीपर्यंत शिकले, पुढं दवाखान्यात आया झाले. शहरही काही सोवळं नाही. खोली दाखवून झाली की आडनाव विचारतात, आणि लगेच त्यांच्या पुतण्याला ती खोली लागते. नातीला मागच्या वर्षी असाच एक पुतण्या आडवा आला. पाटील निदान तोंडावर बोलायचा.

दवाखान्यात खाट हवी असली की गावाकडच्यांना माझी ओळख आठवायची. म्हणून माझा नंबर त्यांच्याकडं. परवा माधवरावांचा फोन आला. पाटलाच्या त्या दोन लेकांतले धाकटे, आता ऐंशीच्या वर.

"सोजराआक्का, दादा गेला. तुमच्या कानावर घालावं म्हणलं."

"कोणाला धाडलं न्हाई?"

"कोण हाय धाडायला? पोरं पुण्याला. सकाळपासून मीच सगळ्यांला फोन करून राहिलो."

"जमतंय की मंग. सायकल तवाबी होतीच, माधवराव."

मग म्हणाले, "मातीला या. खुर्ची टाकतो."

बाचं आयुष्य अंगणाबाहेर गेलं, आणि यांना आता खुर्ची सुचली. मी गेले नाही.

भाचा म्हणतो, जायला पाहिजे होतं, शेवटी आपलं गाव आहे. त्याचं असेल. तो तिथं कधी उभा राहिलेला नाही.

घरच्यांना मी सांगून ठेवलं आहे. मी मेल्यावर कुणाकडं सांगायला गेलात, तर उंबऱ्याबाहेरून बोलायचं नाही. आत जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, मग सांगायचं. जे आत बसू देणार नाहीत, त्यांना माझं मरण कळवू नका.