मोहगावच्या फाट्यावर गाडी थांबली नाही

गाडी सौंसरला आमच्या गल्लीत शिरली तेव्हा सगळ्यात आधी समोरच्यांची कपडे वाळत घालायची दोरी तुटली. नागपूरहून भाड्यानं आणलेली ती घरगाडी होती. आत चार जणांना झोपायची सोय, शेगडी, फ्रिज, नळ आणि संडास. शेगडी आणि संडास यांच्यामध्ये एक पातळ दार. मी माझ्या नातीला, ऋचाला, तिथंच सांगितलं की हे दार मी उघडणार नाही. पुढं बऱ्याच वेळा उघडलं, ते वेगळं.

जाणारे आम्ही चौघं: मी, माझा मुलगा सुधाकर, सून मंगला आणि ऋचा. सुधाकरचं बी-बियाण्याचं दुकान आहे, मंगला प्राथमिक शाळेत शिकवते, ऋचा नागपूरला कॉलेजात आहे. गाडी सुधाकर चालवणार होता. मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, बारा दिवसांत हिमाचलला जाऊन यायचं. कल्पना मंगलाची. लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढ्या काळात तिनं काही मागितलेलं मला हे एवढंच आठवतं.

मुक्काम तिनं शाळेच्या वहीत लिहून काढले होते. कुठून किती वाजता निघायचं, कुठं जेवायचं, कुठं पाणी भरायचं, सगळं. ती वही चार दिवस टेबलावर पडून होती. मी चौथी शिकले आहे, मला वाचता येतं. मी वाचली. त्यात एकही नातेवाईक नव्हता. मला वाटलं, घाईत राहून गेले असतील. म्हणून ओळींच्या मधल्या जागेत मी पेन्सिलीनं भरले. बोरगावला नणंद, रामाकोन्याला मुलीची सासू, मोहगावला माझा भाऊ, भोपाळला मंगलाचीच सख्खी बहीण. मग एकेकाला फोन करून दिवसही सांगून टाकले.

यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्याकडे कोणाच्या गावावरून गाडी नेली आणि पाणी प्यायलासुद्धा उतरलो नाही, तर ते दहा वर्षं बोलून दाखवतात. त्यातून मे महिना म्हणजे रसाचे दिवस. जावयापासून व्याह्यापर्यंत सगळ्यांना आंब्याच्या रसाचं बोलावणं असतं.

पहिल्या दिवशी बोरगाव. बोरगाव नागपूरच्या वाटेवर आहे आणि हिमाचल बरोबर उलट्या बाजूला. नणंद शेवंताबाई दारातच उभी होती.

"एवढी मोठी गाडी घेऊन कुठं चालले?"

"हिमाचलले," मी म्हटलं.

"मंग इकडं काहून आले?"

"तुह्या घरचा रस खाल्ल्याबिगर गाडी चालत नाई म्हणते सुधाकर."

"बरं केलं. मंगला, ये व आत. मांड्याले हात लाव जरा."

मांडे (उपड्या मडक्यावर भाजलेली, रुमालासारखी पातळ, मोठी पोळी) शेवंताबाईचे चांगले होतात. मी दोन खाल्ले. सुधाकरनं किती खाल्ले ते त्यालाही माहीत नाही. निघताना तिनं गाडीत आंब्यांच्या दोन टोपल्या, कुरड्यांचा डबा आणि लोणच्याची बरणी ठेवली. त्या दिवशी आम्ही सौंसरला परत येऊन आमच्याच अंगणात गाडी उभी केली आणि गाडीत झोपलो. प्रवासाचा पहिला मुक्काम घरापासून दहा पावलांवर.

दुसऱ्या दिवशी रामाकोना. तेही हिमाचलच्या वाटेवर नाही. विहिणीनं सरगुंडे (गव्हाचं पीठ काडीवर गुंडाळून केलेल्या, वाळवलेल्या नळ्या) उकडून रसाबरोबर वाढले. विहीण म्हटल्यावर मान राखावा लागतो, म्हणून पोट भरलं तरी मी खाल्लं. येताना गावाबाहेरच्या गतिरोधकावर सुधाकरला वेग आवरला नाही. शेवंताबाईची बरणी कपाटातून निघाली आणि ऋचाच्या गादीवर फुटली. त्या गादीला शेवटच्या दिवसापर्यंत लोणच्याचा वास होता. ऋचा म्हणाली, स्वप्नातसुद्धा तिला भूक लागायची.

संध्याकाळी पुन्हा सौंसर. गल्लीतल्या बाया ओट्यावर बसल्याच होत्या.

"आले का हिमाचलहून? थंडी होती का लय?"

मी गाडीचं दार ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी मंगलानं आपली पिशवी गाडीतून खाली उतरवली.

"मी येत नाई आता," ती म्हणाली. "तुम्ही जा."

सुधाकरनं विचारलं, "काहून? तब्येत बरी नाई का?"

"तब्येत बरी आहे."

"मंग काय झालं? घरची गाडी, घरचे लोक, काय कमी आहे?"

"तेच. घरचेच लोक आहेत." ती आवाज न चढवता बोलली. शाळेत पाढे सांगते तसं. "मले हिमाचल नसलं तरी चालते. मले एक मुक्काम पाहिजे होता, जिथं आपलं कोणी नाई. जिथं मले कोणी 'ये व आत' म्हणत नाई. एकच. वहीत सगळे तसेच लिहिले होते मी."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत पिवळे होते, आंबे पिळून पिळून. दोन दिवस मी रस खाल्ला, सुधाकरनं खाल्ला, ऋचानं आधी फोटो काढून मग खाल्ला. मंगलानं कधी खाल्ला ते मी पाहिलं नव्हतं. खाल्ला असेल तर उभ्यानं. परघरी गेलेली सून पदर खोचून चुलीशी जाते, ही आमच्याकडची रीत. मीही पन्नास वर्षं केली. मला कोणी गाडीत बसवून नेलं नाही म्हणून माझ्या लक्षात आलं नाही, एवढंच.

मी म्हटलं, "आण ती वही."

खोडरबर सापडला नाही. पेन्सिलीनंच रेघा मारल्या. भोपाळच्या ओळीवर मी थांबले, कारण ती तिची बहीण. मंगलानं पेन्सिल घेतली आणि ती रेघ स्वतः मारली. मोहगाव मात्र मी ठेवलं. तिथं माझा भाऊ नामदेव आहे आणि माहेर ते माहेर. मंगलानं ते पाहिलं. पिशवी वर ठेवून गाडीत बसली.

सौंसरहून पांढुर्ण्याला जाताना मोहगाव लागतं. नामदेव फाट्यावरच उभा होता, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून, उन्हात. लांबून गाडी दिसली तसा त्यानं हात वर केला. गाडीत मंगलानं पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हातांच्या बांगड्या वर सारल्या. पीठ मळायच्या आधी बाया सारतात तशा. तिला कोणी सांगितलं नव्हतं. हात आपणहून गेला.

सुधाकर वेग कमी करत होता.

"थांबू नोको," मी म्हटलं.

"आई, मामा उभे आहेत."

"दिसते मले. चाल."

"रस काढून ठेवला असन त्याईनं."

"नामदेवच खाईन मंग. चाल म्हटलं ना."

गाडी पुढं गेली. मागच्या काचेतून नामदेव दिसत होता. हात अजून वरच होता. गाडी वळल्यावर दिसेनासा झाला. मंगलानं बांगड्या खाली केल्या.

पांढुर्णा आलं नाही तोच त्याचा फोन आला.

"बाई, ब्रेक गेले का गाडीचे?"

"ब्रेक चांगले आहेत."

"मंग डोळे गेले असन तुहे."

"डोळेही चांगले आहेत. येताना येतो."

त्यानं फोन ठेवला. नंतर मी तीनदा लावला, त्यानं उचलला नाही. सत्तरीला आलेला माणूस, फुगून बसला होता.

मुलताईला तापीच्या कुंडावर उतरलो. एवढी मोठी नदी एवढ्याशा तळ्यातून निघते, हे पटत नाही. पण तिथला म्हातारा फुलवाला म्हणाला, "अम्मा, सब छोटे से ही निकलता है." मी त्याच्याकडून एकच हार घेतला.

बैतूलचा घाट उतरून त्या दिवशी नर्मदेच्या काठी पोचलो. इथं आपलं कोणी नाही, असं मी मंगलाला सांगत होते, तेवढ्यात घाटावर सुधाकरला त्याच्या दुकानाला बियाणं पुरवणारा माणूस दिसला. तो आग्रहानं घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं मंगलाला पाहिलं आणि म्हणाली, "आओ बहू, अंदर आ जाओ." हिंदीतही तेच असतं. मंगला गेली आणि तीस पुऱ्या लाटून आली. मी सुधाकरला सांगितलं की आता रस्त्यात सख्खा देव भेटला तरी ओळख द्यायची नाही.

चौथ्या दिवशी भोपाळ बाजूला टाकून दिवसभर गाडी चालवली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कापून झालेली गव्हाची रानं, पळसाची झाडं आणि सावलीला उभी गुरं. ऊन उतरता उतरता शिवपुरीच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. मोठं कडुनिंबाचं झाड, खाली सुंभाच्या बाजा (खाटा), मागं पाण्याची मोटर. ढाबेवाल्यानं गाडी उभी करायला जागा दिली. "कहाँ से आए हो?" एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबला नाही. मला तो माणूस आवडला.

मंगला बाजेवर बसली. मग पाय वर घेतले. मग उशी मागितली. दाल, रोट्या, कांदा आला आणि सगळ्यांच्या आधी ताट तिच्यासमोर ठेवलं. ती वाट पाहत बसली नाही. जेवायला लागली.

एवढ्यात एक ट्रक येऊन लागला. ट्रकवाला हात धुवायला मोटरीशी गेला, तिथं सुधाकर गाडीत पाणी भरत होता आणि ऋचाला ओरडून काही सांगत होता. ट्रकवाल्यानं कान टवकारले. सरळ माझ्याकडे आला.

"मावशी, सौंसरकडच्या का तुम्ही?"

मी मंगलाकडे पाहिलं. तिचा हात घासासकट थांबला होता.

"नाई," मी म्हटलं. "जबलपूर."

"पण ते भाऊ तर आमच्यासारखे बोलून राहिले."

"पांढुर्ण्याले नोकरीवर होता तो. लागली सवय."

"आन तुम्ही?"

जबलपूरची माणसं असं बोलत नाहीत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. "मी त्याचं ऐकून ऐकून शिकली," मी म्हटलं.

तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मी मोहगावचा. आमच्या गावात नामदेवभाऊ आहे. तुमचं नाक बिलकुल त्याच्यासारखं आहे."

"नाकं असतात सारखी."

"असतात," तो म्हणाला. चहा पिऊन निघून गेला. त्याला थांबवून घेतलं असतं, तर तो कोणाचा तरी साला निघाला असता, आमच्या पंगतीला बसला असता आणि मंगला उठून त्याला वाढायला लागली असती. मला खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाही. नामदेवचं नाव निघूनही ओळख दिली नाही, त्याचं थोडं वाटलं.

मंगलानं हातातला घास खाल्ला. तिनं आणखी एक रोटी मागितली.

सकाळी ती सात वाजेपर्यंत झोपली, त्याच बाजेवर, तोंडावर ऊन आलं तरी. सुधाकर चहा करायला गाडीत शिरला आणि साखर सापडेना म्हणून तिला उठवायला निघाला. मी म्हटलं, बिनसाखरेचा कर. तसा प्यायलो.

पुढं हिमाचल झालं. तिथं चार दिवस होतो. डोंगर उंच आहेत, बर्फ पांढरा असतो, मॅगी सगळीकडे मिळते. त्याबद्दल बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मंगलानं तिथं गाडीतल्या शेगडीवर दोनदा खिचडी केली, कोणी न सांगता, आणि एकदा केली नाही, तेही कोणी न विचारता. येताना वहीत जिथं रेघा होत्या तिथं थांबलो नाही.

बाराव्या दिवशी मोहगाव. यावेळी फाट्यावर कोणी नव्हतं. घरी गेलो तर नामदेव ओसरीत पाठ करून बसलेला.

"आले का जबलपूरचे पाहुणे?" त्यानं मान न वळवता विचारलं.

सुधाकर हसायला लागला. मी हसले नाही.

"ट्रकवाल्यानं सांगतलं," नामदेव म्हणाला. "म्हणे एक म्हातारी भेटली, नाक तुमचं आन खोटं बोलता येत नाई तिले. मी म्हटलं, माहीच बहीण."

"येत नसून बोलली, तर कायले बोलली ते विचार."

आता तो वळला. "कायले बोलली?"

मी सांगितलं. वही, मांडे, बांगड्या, बाज. दोन मिनिटांत सांगून झालं. तो ऐकत होता. एकदा मंगलाकडे पाहिलं, एकदा घराच्या आत, जिथून भावजयीच्या पाटावरवंट्याचा आवाज येत होता. तिकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

आतून भावजय ओरडली, "मंगला आली का? ये व आत."

मंगलाचा हात बांगड्यांकडे गेला.

"बस तू," मी म्हटलं, आणि उठले. माझ्या हातात चांदीच्या दोन पाटल्या आहेत, त्या वर सारल्या. आत घमेल्यात आंबे भिजत होते. मौसम संपत आलेला, रेषाळ आंबे, पिळायला जड. पंचवीस पिळले. बोटं दुखली. नामदेव दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जबलपूरच्या बाया कामाच्या असतात." मी म्हटलं, "उभा काय राहिला, कोयी उचल." त्यानं उचलल्या.

मंगलानं ओसरीत बसून दोन वाट्या रस खाल्ला. बसून.

कोणी घरगाडी घेऊन निघणार असाल तर एक सांगते. वहीत मुक्काम लिहाल, तर त्याच ओळीत पुढं लिहून ठेवा की तिथं पोळ्या कोण लाटणार. मग बघा, किती मुक्काम उरतात ते.