भोयेमामांनी पाहिलेलं पाणी

कोणताही बीकर धुण्याआधी भोयेमामा तो यूव्ही दिव्याखाली धरून बघत. नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते, मूळचे पेठ तालुक्यातले. मी तिथे पीएच.डी. करत होते. "टाकायच्या आधी बघावं, ताई. टाकल्यावर कोण बघतंय?" असं म्हणायचे.

दोन हजारच्या दशकाची अखेर होती. प्रकाश देणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण तेव्हा नवे होते. मला ते बनवायचे होते आणि वर्षभर महागडी रसायनं वापरूनही जमत नव्हतं. एकदा मी साखरेचं पाणी हॉटप्लेटवर विसरले. तळाला करपलेला तपकिरी थर मामांनी पाण्यात विरघळवला, दिव्याखाली धरला आणि ओरडले, "ताई, लवकर या, ह्ये पेटलंय!" पाणी निळंहिरवं चमकत होतं.

पुढच्याच आठवड्यात नळ कोरडे होते, म्हणून ते चमकणारं द्रावण पातळ करायला त्यांनी त्यात गच्चीवरच्या गंजक्या टाकीतलं पाणी ओतलं. चमक विझली. "गंजाला भितंय ह्ये," मामा म्हणाले. माझा प्रबंध या दोन गोष्टींवर उभा आहे: साखरेपासून सहज बनणारे, दिव्यांना उपयोगी पडतील असे कण, आणि त्यांच्या विझण्यावरून ओळखता येणारं पाण्यातलं लोह.

शोधनिबंधाच्या मसुद्यात मी मामांचं नाव तिसरं घातलं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते पेनने खोडलं. "शिपायाचं नाव? शोभतं का? आभारात टाक." आभारातही शेवटी 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' एवढंच उरलं. मी वाद घातला नाही. मला पदवी हवी होती.

निबंध छापून आला तेव्हा मामांनी सगळी पानं उलटली. इंग्रजीतलं त्यांना स्वतःचं नाव तेवढं ओळखता येई.

"यात मी कुठं हाय, ताई?"

मी 'कर्मचारी' या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी निबंध मिटून मला परत दिला. "बरं," म्हणाले. महिन्याभरात अर्ज करून त्यांनी ग्रंथालयात बदली मागून घेतली. नंतर भेटले की "बरं हाय ना, मॅडम?" विचारत. ताई पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. पेठला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीने चहा दिला आणि समोर बसून विचारलं, "मॅडम, बाबा सांगायचे, ते चमकणारं पाणी सगळ्यात आधी त्यांनी पाह्यलं. खरं हाय का ते?"

"खरं आहे," मी म्हणाले.

तिने दाराशी बसलेल्या आईकडे पाहिलं.

"आम्ही तर त्यांना हसायचो," ती म्हणाली. "थापा मारतात म्हणायचो."