साडू, व्हॉलीबॉल आणि गव्हाची बिअर

माझा साडू मोताळ्याला राहायला आला तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळत होतो. आम्ही खेळणारे सगळेच चाळिशीच्या पुढचे. कोणी मास्तर, कोणी अडत्या, कोणी शेतातून थेट मैदानावर येणारा. माझं ठिबक आणि स्प्रिंकलरच्या पाइपांचं दुकान आहे. ऊन उतरलं की मी शटर अर्धं ओढून घ्यायचो आणि निघायचो.

मी शूटर होतो. नेटजवळ उभं राहून, उचलून दिलेला बॉल पलीकडे हाणायचा हे माझं काम. तो बॉल उचलून देणारा, म्हणजे आमचा लिफ्टर, हा गावातला गुरांचा डॉक्टर. आमची जोडी बऱ्याच वर्षांची. त्याच्या बोटांतून बॉल सुटला की तो कुठं येणार हे मला न पाहता कळायचं. मैदानाबाहेर आम्ही फार बोलत नसू. बोलायची गरजच पडत नसे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा डोणगावकडचा, पण सगळी उमर पुण्यात गेलेली. कॉम्प्युटरची नोकरी. मेहुणी बँकेत, तिची बदली मोताळ्याला झाली आणि याला कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, म्हणून दोघं इथं आले. आमच्याच मागच्या गल्लीत घर घेतलं. वयानं तो माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या दोन वर्षांवरून झालं. त्याचं पोट सपाट होतं. शर्ट आत खोचायचा आणि पट्ट्याच्या वर काहीच यायचं नाही.

पहिल्या आठवड्यात मीच त्याला मैदानावर नेलं. पाहुणा आहे, चार लोकांत ओळख होईल, एवढाच हेतू. कॉलेजात खेळलोय थोडं, असं तो म्हणाला होता. मी त्याला मागच्या रांगेत उभं केलं. अर्ध्या तासानं डॉक्टरनं त्याला नेटवर बोलावलं आणि एक बॉल उचलून दिला. साडू उडाला. आमच्या मैदानावर त्या वयाचा माणूस तेवढा वर गेलेला कोणी पाहिला नव्हता. बॉल पलीकडच्या मास्तरांच्या पायाशी आपटून थेट कंपाउंडबाहेर गेला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. घरी येताना मात्र माझं डोकं जड झालं होतं.

रविवारी खेळ झाला की आमची बैठक असायची. राजूर घाटाच्या पायथ्याशी माझं शेत आहे, तिथल्या लिंबाखाली. आम्ही आणायचो ती नेहमीची स्ट्राँग बिअर. बाटलीनंच प्यायची, वर शेव-फुटाणे, आणि अंधार पडायच्या आत घर. एका रविवारी साडू गाडीतून बर्फाचा डबा घेऊन आला. महिन्यातून एकदा त्याला पुण्याच्या ऑफिसात जावं लागायचं, तिथून त्यानं छोट्या भट्टीवर बनवलेली बिअर आणली होती. दारू पिण्याचा परवानाही तो पाकिटात बाळगायचा. काचेचे ग्लास त्यानं फडक्यात गुंडाळून आणले होते. ग्लास तिरपा धरून त्यानं हळू ओतली, वर दोन बोटं फेस ठेवला आणि ग्लास आधी नाकाशी नेला. मग त्यानं समजावून सांगितलं की ही गव्हाची, हिच्यात संत्र्याची साल आणि धने असतात. ही दुसरी काळी, हिचं धान्य जास्त भाजतात. आमचे लोक शाळेतल्या पोरांसारखे कान देऊन ऐकत होते. अडत्या म्हणाला की इतकी वर्षं आपण काय प्यायलो ते आपल्यालाच माहीत नाही. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, पाणचट आहे. खरं सांगायचं तर मी चव घेतलीच नव्हती.

त्यानं मोजका एक ग्लास घेतला आणि थांबला. आग्रह केला तर म्हणाला की माझा नियम आहे. आठवडाभर खेळलो, सायकल मारली, तर रविवारी एक. नाही खेळलो तर तोही नाही.

घरी बायकोला कुठूनतरी हे कळलं. तशी ती टोचून बोलणारी नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "ते बी पेतात, तुमी बी पेता. त्यायचं पोट कुठं दिसते?" त्या रात्री मी जेवलो, पण रागानं दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.

मग मी ठरवलं की वजन उतरवायचं, पण कोणाला न सांगता. पहाटे उठून राजूर घाट चढू लागलो. गावातल्यांनी विचारलं तर शेतात मोटर पाहायला चाललो असं सांगायचो. घाटाचं दुसरं वळण आलं की छाती भात्यासारखी व्हायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथंच कठड्याला हात लावून उभा होतो तेव्हा मागून सायकल आली. साडू. डोक्यावर हेल्मेट, कपाळावर घाम, पण श्वास सपाटीवर चालत असल्यासारखा शांत. त्यानं मला ओळखलं आणि लगेच खाली उतरला. पुढं निघून गेला असता तर मला चाललं असतं. तो सायकल हातात धरून माझ्यासोबत चालू लागला, माझ्या चालीनं. चांगलं केलंत दादा, म्हणाला, हळूहळू चढा, आधी श्वास सांभाळा. वरून बुलढाण्याची बस उतरत होती. खिडकीतून एक ओळखीचा माणूस आमच्याकडे पाहून हात हलवत गेला. दुसऱ्या दिवसापासून मी घाटाकडे फिरकलो नाही.

पण खरा घाव वेगळाच होता. डॉक्टर आता बॉल त्याला देऊ लागला होता. सुरुवातीला अधूनमधून, मग अर्धे, मग जवळजवळ सगळेच. मी नेटवर हात वर करून उभा असायचो आणि बॉल माझ्या डोक्यावरून साडूकडे जायचा. बायको दुसऱ्याशी हसून बोलली असती तरी मला एवढं लागलं नसतं, असं मी त्या दिवसांत स्वतःशी म्हणायचो, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

थंडीत जळगाव जामोदची टीम आमच्याकडे खेळायला आली. तीही आमच्यासारखीच, चाळिशीपुढच्यांची. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर दुकानात आला. कधी दुकानात न येणारा माणूस पाइपांची बंडलं पाहत उभा राहिला तेव्हाच मला समजलं.

"भाऊ, उद्या तुमी मांगं राहा. नेटवर पाहुण्याले ठेवू."

"काऊन?"

"तुमाले माहीत हाये काऊन."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

सामन्याला बरीच माणसं जमली होती. मेहुणी आली होती, माझी बायकोही आली होती. मी मागच्या रांगेत, बरोबर साडूच्या पाठीशी. पहिला गेम आम्ही जिंकला, तो बहुतेक त्याच्या एकट्याच्या जोरावर. प्रत्येक पॉइंटला तो वळून माझ्या हातावर टाळी द्यायचा. मी टाळी घ्यायचो आणि मनात म्हणायचो, एकदा तरी नेटात जाऊ दे. एकदा तरी चूक.

दुसऱ्या गेमच्या मध्यावर डॉक्टरनं बॉल उंच दिला. साडूनं पाऊल मागे घेतलं, उडी घेण्यासाठी पाय दाबला आणि टायर फुटावा तसा आवाज आला. तो उडालाच नाही. खाली बसला, पोटरीला हात लावला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"दादा, लाथ का मारली?"

जळगावची माणसं, आमची माणसं, सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या आणि त्याच्यामध्ये चांगलं दोन हातांचं अंतर होतं. मी लाथ मारली नव्हती. पण त्या एवढ्याशा वेळात मला दिसलं की आमच्या टीममधल्या एकालाही हे अशक्य वाटत नाहीये. इतके दिवस मी जे झाकत होतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायको कंपाउंडजवळ पदर तोंडाशी धरून उभी होती. मला वाटलं, ओरडून सांगावं, मी नाही.

डॉक्टर खाली बसला. त्यानं साडूची टाच हातात घेतली, वरची शीर अंगठ्यानं चाचपली, पोटरी दाबून पाहिली. पाऊल हललं नाही.

"कोणी लाथ नाही मारली," तो म्हणाला. "शीर तुटली. तुटते तवा मांगून लाथ बसल्यावानीच वाटते."

लोकांनी श्वास सोडला. मीही सोडला. पण डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडी माझी होती, म्हणून बुलढाण्याला मीच नेलं. मागच्या सीटवर मेहुणीच्या मांडीवर पाय ठेवून साडू पडला होता. घाट चढताना त्यानं तीन-चार वेळा माफी मागितली. सगळ्यांसमोर तुमच्यावर आळ घेतला, म्हणाला, मला खरंच तसं वाटलं. मी गाडी चालवत होतो. तो ओरडला असता, चिडला असता, तर मला सोपं गेलं असतं. मग त्यानं मला फोन करायला लावला, सामन्याचं काय झालं ते विचारायला. हरलो होतो. त्याला माझ्याहून जास्त वाईट वाटलं.

ऑपरेशन झालं, प्लास्टर चढलं. काही महिने जमिनीवर पाय टेकायचा नाही असं सांगितलं. मी पुन्हा नेटवर आलो. डॉक्टर पुन्हा मला बॉल देऊ लागला. पण खेळ झाला की टीम माझ्या शेताऐवजी साडूच्या ओसरीवर जमू लागली. तो खुर्चीत पाय लांब करून बसायचा आणि कोण कुठं चुकतं ते सांगायचा. तो सांगायचा ते बरोबर असायचं. माणूस अंथरुणावर पडला तरी माझ्या वाट्याचं घेऊन बसलाय, असं मला वाटायचं.

एका रविवारी बाकीचे कुठल्याशा लग्नाला गेले होते आणि मी एकटाच गेलो. बायकोनं डबा दिला होता तो पोचवायला. साडूनं मला बसवलं. फ्रिजमध्ये गव्हाच्या बिअरच्या बाटल्या पडून होत्या, सामन्याच्या आधी आणलेल्या. ती फार दिवस टिकत नाही, वाया जाईल, तुम्ही घ्या, म्हणाला. मी त्याला विचारलं, तुम्ही? तो म्हणाला, नियम. खेळ नाही तर बिअर नाही. पायापेक्षा त्याला त्याचं जास्त दुःख होत असावं.

मी ग्लास घेतला. तिरपा धरा, फेस राहू द्या, असं तो सांगत होता. मग म्हणाला, "कशी लागते ते सांगा. घाईनं नको. नीट सांगा."

मी घोट घेतला आणि पहिल्यांदा तोंडात थांबवला. मग म्हटलं की हिरव्या ओंब्या भाजताना हाताला जो वास लागतो ना, आधी तो. मग संत्रं सोलताना नख सालीत घुसतं तेव्हा उडणारं पाणी. शेवटी जिभेच्या मागं जरा कडू, मेथीच्या भाजीसारखं, पण निघून जाणारं. तो डोळे मिटून ऐकत होता. अजून सांगा, म्हणाला. मी सांगत गेलो. मधेच त्यानं डोळे उघडून माझ्या ग्लासकडे पाहिलं, आणि ती नजर मला ओळखीची वाटली. डॉक्टर त्याला बॉल द्यायचा तेव्हा माझे डोळे असेच असणार. मला मजा आली. मी दुसरा घोट मुद्दाम सावकाश घेतला.

"पाणचट नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आणि आम्ही दोघं हसलो. तो जरा जास्त.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागलो. त्यानं मला पोटरीचे, खांद्याचे व्यायाम शिकवले, स्वतः खुर्चीत बसून. मी बाटल्यांचा नाद सोडला, रविवारी एकच ग्लास घेऊ लागलो. पोट गेलं नाही, पण पट्टा एक भोक आत आला.

पुढच्या वर्षी डॉक्टरची बदली झाली. निरोपाच्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला की त्या दिवशी मैदानावर क्षणभर त्यालाही शंका आली होती. मी म्हटलं, मलाही आली होती. साडू तोवर चालू-धावू लागला होता, पण उंच उडी मारायला मनाई होती. म्हणून तो लिफ्टर झाला आणि मी शूटरच राहिलो. अवघ्या काही दिवसांत त्याचा बॉल डॉक्टरपेक्षा सरस येऊ लागला. माझ्या हाताला नेमका जिथं हवा तिथं.

मागच्या महिन्यात आम्ही जळगाव जामोदला खेळायला गेलो आणि जिंकलो. शेवटचे पॉइंट मी मारले. सामना संपल्यावर त्यांचा कॅप्टन चालत आला, माझ्या शेजारून पुढं गेला आणि साडूचा हात हातात घेऊन म्हणाला की असा बॉल देणारा असला तर कोणीही मारेल.

परत येताना मी बोललो नाही. नांदुऱ्याकडच्या रस्त्यावर पूर्णेचा पूल आला तेव्हा साडूनं विचारलं, राग आला का?

"हो," मी म्हटलं.

त्यानं खिडकीबाहेर नदीकडे पाहिलं. मग म्हणाला की तिसऱ्या गेममधला एक बॉल त्यानं फार खाली दिला होता, तो मी कसा काय मारला ते त्याला अजून कळलेलं नाही. मी त्याला सांगू लागलो.