आईंचं नाव कुणाच्या कार्डावर

दोह्याच्या अल थुमामा भागातल्या एका इमारतीत उल्का सोळा वर्षं राहत होती आणि इतक्या वर्षांत तिला कुणाचा हेवा वाटला नव्हता, निदान तिची तशी समजूत होती. धाकटी जाऊ पूर्णिमा, तिचा अबू हमूर भागातला व्हिला, दारातल्या दोन गाड्या, आयटीतली नोकरी, सगळं तिने पाहिलं, तोंडभरून छान म्हटलं आणि घरी येऊन कुकर लावला. उल्काचा नवरा अमेय बांधकाम कंपनीत, पूर्णिमाचा मयूर गॅस कंपनीत. दोघे सख्खे भाऊ, पण ज्याचं त्याचं नशीब, असं ती म्हणायची. म्हणताना कुठे टोचलंच, तर ते बाजूला सारता यायचं. कारण पूर्णिमाकडे नसलेली एक गोष्ट तिच्याकडे होती. सासूबाई तिच्याकडे राहत होत्या.

बायडाबाई मूळच्या सिन्नरच्या. नवरा गेल्यावर अमेयने त्यांना दोह्याला आणलं, राहण्याचा परवाना स्वतःच्या नावावर काढला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. घरावरून विमान इतकं खाली जायचं की खिडकीची काच थरथरे. पहिल्या महिन्यात बायडाबाई प्रत्येक विमानाला हात जोडायच्या. नंतर त्यांनी ते सोडलं. नंतर त्या फक्त म्हणायच्या, "चाललं कुनी तरी घरी."

त्यांच्या गोळ्या उल्काच द्यायची. बाजारात दिवसांची नावं छापलेल्या प्लास्टिकच्या डब्या मिळतात, पण बायडाबाईंना ती इंग्रजी नावं वाचता येईनात. मग उल्काने जुना मसाल्याचा डबा घासून पुसून घेतला. त्यातल्या सात वाट्या म्हणजे सात वार. मधली वाटी रविवारची, मग उजवीकडून फिरत जायचं. शनिवारी रात्रीची भांडी आवरली की ती सात वाट्या भरायची आणि त्या वेळी तिला एक समाधान वाटायचं, जे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एका शुक्रवारी, नेहमीप्रमाणे सगळे तिच्याकडे जेवायला आलेले असताना, मयूरने ताटाकडे बघत विषय काढला. त्याच्या कंपनीत दरवर्षी या दिवसांत विम्याचे प्लॅन बदलायची मुदत असते, बारा दिवसांची. एकदा निवडलं की वर्षभर तेच. आणि या वर्षी पहिल्यांदाच आईवडिलांना घेता येणार होतं. मोठी खाजगी हॉस्पिटलं, डोळे, दात, सगळं. फक्त एक अट होती. आईचा परवाना ज्याची नोकरी त्याच्याच नावावर हवा आणि पत्ताही त्याच्याच घरचा. मयूर हे सांगून थांबला. पुढचं सगळ्यांना कळलं होतं.

अमेयने वरण वाढून घेतलं आणि म्हणाला, बरंच आहे की, आईच्या मोतीबिंदूचं काम होऊन जाईल. सरकारी दवाखान्यातली तारीख तशीही लांबची मिळाली होती. त्याच्या स्वतःच्या कंपनीत विमा म्हणजे एकच प्लॅन, एकच कार्ड, त्यात बायको-मुलगी सोडून कुणी नाही. उल्काला आयुष्यात कधी कुणी विचारलं नव्हतं, बाई, तुला यातलं कोणतं हवं? आणि इथे पूर्णिमा जेवण झाल्याबरोबर लॅपटॉप उघडून बसली होती, दोन प्लॅन शेजारी शेजारी लावून. एकात दोह्यातली सगळी नामांकित हॉस्पिटलं. दुसऱ्यात त्यातली थोडीच, पण भारतातले उपचारही धरलेले.

"ताई, तुम्ही सांगा. मला आईंचं तेवढं माहीत नाही," पूर्णिमा म्हणाली.

हे वाक्य उल्काने पुढचे दोन दिवस तोंडात घोळवलं. गोड लागलं ते. तिने सांगितलं की आई उन्हाळ्यात दोन महिने सिन्नरला जातात आणि तिथे तब्येत बिघडली तर काय, तेव्हा दुसरा घ्या. सल्ला खरा होता. पूर्णिमाने मान हलवली, दुसऱ्यावर खूण केली. उल्काच्या लक्षात आलं, आपण स्वतःच्या हाताने आईंची बॅग भरायला घेतली.

बायडाबाईंना विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, जिथं ठेवाल तिथं राहीन, मला काय दोन्ही घरं सारखी. उल्काला हे लागलं. सहा वर्षांनंतर सारखी? वेदांत, मयूरचा चार वर्षांचा मुलगा, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि आजीचा हात त्याच्या केसांतून फिरत होता, अगदी सावकाश. उल्काच्या मधुराच्या वाट्याला हा हात आला नव्हता. आजी आल्या तेव्हा मधुरा नऊ वर्षांची होऊन गेली होती आणि प्रत्येक प्रश्नाला 'आय एम फाइन, आजी' म्हणून खोलीत निघून जायची.

त्या आठवड्यात उल्काने मनात पूर्णिमाशी पुष्कळ भांडण केलं. भाजी निवडताना, लिफ्टमध्ये, लुलू सुपरमार्केटच्या रांगेत. पोराला सांभाळायला फुकटची आजी हवी तिला. बायका ठेवून बघितल्या, एक टिकली नाही, आता विम्याचं निमित्त. अमेयला तिने हे एकदा बोलून दाखवलं. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणाला, तू अशी कधीपासून झालीस? अशी ती कधीपासूनची होती हे तिलाच नव्याने कळत होतं.

मंगळवारी दुपारी पूर्णिमाने फोनवर फॉर्म पाठवला. भरलेला होता. खाली लिहिलं होतं, ताई, आईंचा पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख तेवढी तपासाल का? गुरुवारी दोनला मुदत संपते.

उल्काने पासपोर्ट काढला, नंबर ताडून पाहिला. बरोबर होता. मग ती दुसऱ्या पानावर गेली. आजारांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एकच खूण. नाही. रक्तदाबापुढे तेवढं हो, कारण ती गोळी सगळ्यांना ठाऊक होती. बाकी हृदय नाही, झटका नाही, पक्षाघात नाही. मराठी मंडळाच्या ग्रुपवर हा सल्ला दरवर्षी फिरतो. सगळीकडे नो मारा, नाहीतर उगाच चौकशा मागे लागतात. पूर्णिमाने तसंच केलं होतं, पण तिच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. तिला माहीतच नव्हतं.

गेल्या ऑगस्टमध्ये, मयूर आणि पूर्णिमा सुट्टीवर नाशिकला होते आणि अमेय साइटवर, तेव्हा एका सकाळी बायडाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. उल्काने काही विचारलं, तर शब्द बाहेर येईना. ओठ एका बाजूला ओढला गेला होता, हातातली जुडी खाली पडली होती. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. उल्का त्यांना टॅक्सीत घालून सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेली. मेंदूला छोटा झटका येऊन गेला, असं डॉक्टर म्हणाले आणि रक्त पातळ ठेवायची एक गोळी वाढवली. परत येताना बायडाबाईंनी तिचा हात धरून ठेवला होता.

"पोरी, धाकट्याला सांगू नको. थोरल्यालाबी नको. तुझ्यामाझ्यात ऱ्हाऊ दे."

तिने अमेयला चक्कर आली होती एवढंच सांगितलं. मसाल्याच्या डब्यात प्रत्येक वाटीत एक पिवळी गोळी वाढली, ती कुणी मोजली नाही. आणि तेव्हापासून त्या दोघींमध्ये काहीतरी झालं. बायडाबाई पोळी मोडताना उल्काकडे बघायच्या आणि उल्का समजायची की हात आज ठीक आहे. सख्ख्या मुलांना नसलेली, पूर्णिमाच्या कुठल्याही कार्डावर न येणारी ही एक गोष्ट तिच्या मालकीची होती.

तिने पूर्णिमाला उत्तर पाठवलं. 'नंबर आणि तारीख बरोबर आहे.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बुधवार तसाच गेला. मयूरने शुक्रवारी जेवताना सांगितलेलं तिला स्वच्छ आठवत होतं. काही लपवलं आणि नंतर सापडलं, तर ऐन वेळी कंपनी हात वर करते, मग खलास. आणि सांगितलं तर? सांगितलं तर कदाचित विमावाले म्हणतील, ही बाई आम्हाला नको. मग परवाना इथेच, आई इथेच. खरं बोलून तिला हवं ते मिळत होतं, आणि त्यामुळेच खरं बोलायला तिची जीभ रेटत नव्हती. शिवाय सांगायचं म्हणजे ती ऑगस्टची सकाळ पूर्णिमाला देऊन टाकायची. एवढ्यासाठी तिने ती जपली होती का?

गुरुवारी सकाळी ती कपडे वाळत घालत होती. दोरीवर बायडाबाईंचं पातळ पसरताना तिच्या मनात आपोआप एक चित्र उभं राहिलं. अबू हमूरचा तो मोठा दिवाणखाना. आईंचा ओठ ओढला गेलेला. पूर्णिमा हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड पुढे करते आहे आणि पलीकडचा माणूस मान हलवतो आहे. उल्का ते बघत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की ती इतका वेळ पूर्णिमाचा चेहरा बघत होती. आईंचा नाही. पूर्णिमाचा. आणि तो पडलेला चेहरा बघायला तिला बरं वाटत होतं.

तिने उरलेले कपडे बादलीतच ठेवले. आत जाऊन बायडाबाईंसमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं, फॉर्म, खुणा, दोनची मुदत. चित्राचं तेवढं सांगितलं नाही. बायडाबाईंनी आपल्या उजव्या हाताची बोटं उघडून मिटून पाहिली.

"सांगून टाक," त्या म्हणाल्या. "मी म्हनले होते नको, पन तू बी लई खूश झाली होतीस गं."

उल्काला वाटलं होतं की हे कुणाला दिसलेलं नाही.

फोन तिने साडेअकराला केला. पूर्णिमा ऑफिसात होती, मागे कुणीतरी हिंदीत हसत होतं. उल्का एका दमात बोलली, तारीख, हॉस्पिटल, गोळीचं नाव. पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला आणि मागचं हसणं बंद झालं.

"आठ महिने झाले, ताई."

"आईंनीच सांगितलं होतं, कुणाला बोलू नको म्हणून."

"आणि तुम्हाला ते बरंच वाटलं." पूर्णिमाचा आवाज चढला नव्हता. "वेदांतला मी दर शुक्रवारी त्यांच्या भरवशावर ठेवून बाजाराला जात होते. काही झालं असतं तर? मी कोण आहे त्यांची? शुक्रवारची पाहुणी? दर वेळी तुमच्याकडे यायचं आणि तुमच्या तोंडून ऐकायचं, आईंना हे आवडतं, आईंना ते चालत नाही. मला कधी कळू दिलंत तुम्ही काही?"

उल्काला आश्चर्य वाटलं की त्या मोठ्या व्हिलात बसून कुणी तिचा हेवा करत होतं. पूर्णिमाने पुढे कोरड्या आवाजात हॉस्पिटलचे कागद मागितले. उल्काने कपाटातून फाइल काढली, एकेक पान जमिनीवर ठेवून फोटो पाठवले. एक वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं, फॉर्म दुरुस्त करून पाठवला. त्याच्यापुढे काही नव्हतं.

मग विमा कंपनीच्या निर्णयाची वाट बघणं आलं. उल्का देवापुढे दिवा लावायची तेव्हा काय मागायचं हे तिला ठरवता येईना, म्हणून ती नुसती हात जोडून उभी राहायची. पण सकाळी फोन वाजला की आधी मनात यायचं, नाही म्हणाले असतील. दर वेळी तेच आधी यायचं.

ते हो म्हणाले. झटक्याशी संबंधित खर्च पहिले सहा महिने मिळणार नाही, एवढीच अट घातली. मोतीबिंदूला हरकत नव्हती. मयूरने अमेयला फोनवर सांगितलं, दोघे भाऊ मोकळेपणाने हसले. उल्काने शिरा केला, सगळ्यांना वाढला आणि स्वतःची वाटी तशीच झाकून ठेवली.

परवाना बदलायला पाच आठवडे लागले. आईंना न्यायला पूर्णिमा एकटी आली, शनिवारी दुपारी. त्या फोननंतर दोघी कामापुरत्याच बोलत होत्या. बायडाबाई आत पडल्या होत्या. पूर्णिमा स्वयंपाकघराच्या दारात घुटमळली, मग स्टूल ओढून बसली आणि फोनवर लिहायला घेतलं. म्हणाली, सगळं सांगा ताई, मला काही सोडायचं नाहीये. आता तिच्या आवाजात राग नव्हता, धास्ती होती.

उल्काने सांगितलं. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर. पिवळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. बोलताना शब्द अडला किंवा हातातून वस्तू पडली, तर थांबायचं नाही, थेट गाडी काढायची. नंबर, डॉक्टरचं नाव, रक्तदाबाची वही. पूर्णिमा लिहीत होती, मध्येच थांबून पुन्हा विचारत होती आणि उल्का पुन्हा सांगत होती, न कंटाळता. एकही औषध, एकही पथ्य तिने हातचं राखलं नाही.

एक गोष्ट मात्र राखली. बायडाबाई दुपारच्या झोपेतून उठल्या की तासभर कुणाशी बोलत नाहीत. चहा झाल्यावर त्यांच्याजवळ बसायचं, पण त्यांच्याकडे बघायचं नाही. हातात काहीतरी काम घ्यायचं, शेंगा सोलायच्या, टाका घालायचा. मग त्या आपणहून सुरू होतात. सिन्नरच्या विहिरीबद्दल, मेलेल्या थोरल्या बहिणीबद्दल, लग्नाआधी आवडलेल्या एका मास्तरबद्दलसुद्धा. प्रश्न विचारला की गप्प होतात. हे उल्काला कळायला दोन वर्षं लागली होती.

"झालं का सगळं?" पूर्णिमाने विचारलं.

"झालं," उल्का म्हणाली आणि आईंना उठवायला आत गेली.