कोरड्या ओढ्यावरचा पूल

रिबका मावशी गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी डिमोनात कामावर जायच्या बससाठी उभा होतो. तसाच तिच्या गावी, लोदला निघालो. पोचलो तोवर तिला नेलेलं होतं... शेवटचं तोंडही दिसलं नाही.

बासष्ट साली ती रेवदंड्याहून आम्हा ज्यूंच्या या देशात आली आणि आल्या वर्षी नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, रोश हशानाला, आमच्या आख्ख्या गल्लीला घेऊन गावाबाहेरच्या जुन्या दगडी पुलावर गेली. शेकडो वर्षांचा पूल, त्यावर कोरलेले सिंह, शेजारी दगडांना हात लावू नका अशी सरकारी पाटी. सणाला वाहत्या पाण्याशी जाऊन खिसे झटकायचे, वर्षाची पापं सोडायची. पूल आहे म्हणजे खाली नदी असणारच, हा मावशीचा कोकणी हिशेब. आपल्याकडे त्या दिवसांत, पावसाळा सरताना, नद्या तुडुंब असतात. इथं पाऊस हिवाळ्यात! सगळ्यांनी वाकून पाहिलं, तर खाली धूळ, काटे आणि एक बकरी.

"अगो बाय, नदी खय गेली?" मावशी म्हणाली आणि सगळे पोट धरून हसले. पण ती कसली हार मानते! प्यायला आणलेलं पाणी तिनं वरून ओतलं, पदर झटकला नि म्हणाली, "जा आता, वाहा!"

पुढे पुलावर संध्याकाळी बसायचा तिला नादच लागला. पाटीकडे बघून म्हणायची, "दगडांना जपतात हो. आपण पण जुनेच की!" मग मावळतीकडे बघत राहायची. "समुद्र इथंही मावळतीलाच रे. मग आपला का वाटत नाय?" तिला एकदाच रेवदंड्याला जायचं होतं. खाडीला भरती आलेली बघायची आणि परत यायचं, एवढंच. डॅनियलला, तिच्या मुलाला, ती सारखी विनवायची. तो हिब्रूत म्हणायचा, "यिहये बसेदेर, इमा." होईल सगळं नीट, आई. मावशी चिडायची, "याचं यिहये कधी होतंय, देव जाणे!"

ते झालंच नाही. मला तिची फार आठवण येते.

परवा सणाला मी पुलावर गेलो. ओढा कोरडाच होता. डॅनियल माझ्याआधी येऊन उभा होता, दोन्ही खिसे उलटे काढलेले. किती वर्षांत तो माझ्याशी मराठीत बोलला नव्हता. मावळतीकडची नजर न काढता त्यानं विचारलं,

"दादा, रेवदंड्याला आत्ता भरती असेल का रे?"