लेडीज टायमिंग आणि माझा उजवा हात

हे वाचून तुम्ही मला काय म्हणाल ते मला आधीच माहीत आहे, कारण परवा-परवापर्यंत मी स्वतःही तेच म्हणत होते. आमचं घर दीक्षा घेतलेलं, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं. वडील शाळेत शिक्षक होते. चौकात कुणी उतरवून टाकलेला नारळ दिसला की ते सरळ उचलून घरी आणायचे आणि आम्ही बहिणी त्याची चटणी करून भाकरीबरोबर खायचो. कुणाला काही झालं नाही... उलट नारळ चांगले निघायचे. अशा घरात मी वाढले, आणि पोटापाण्यासाठी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन झाले. लोकांचं रक्त-लघवी तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. जे मायक्रोस्कोपखाली दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं माझं साधं धोरण. आता ते तसंच आहे की नाही, मला नक्की सांगता येत नाही.

मी सिडकोत राहते. लग्न केलं नाही. घरात मी आणि आई, दोघीच. आईला अर्धांगाचा झटका येऊन बरीच वर्षं झाली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू येतं, समजतं, डोळ्यांनी थोडंफार सांगते, पण तेवढंच. उजवा हात कोपरात वाकून छातीशी आलेला आणि मूठ कायमची आवळलेली. ज्यांनी असा पेशंट सांभाळला आहे त्यांना ही मूठ माहीत असेल — बोटं आत आत जात राहतात, नखं तळव्यात रुततात, घामाने कातडी खराब होते. म्हणून मऊ सुती कापडाची गुंडाळी करून मुठीत सारून ठेवायची. ती अधूनमधून काढायची, हात पुसायचा, कोरडी गुंडाळी पुन्हा बसवायची. हे मी आता डोळे मिटूनही करू शकते. आईला ओरखडा लागू नये म्हणून, आणि लॅबच्या शिस्तीनेही, माझी स्वतःची नखं मी अगदी मांसापर्यंत कापलेली असतात. हे लक्षात ठेवा.

मी थकले होते. हे नुसतं लिहून कळणार नाही, पण लिहिते. सकाळी आईचं सगळं आवरायचं, पेज भरवायची, दिवसाची बाई आली की लॅब गाठायची, संध्याकाळी परत तेच. झोपून उठलं तरी अंग जड. आरशात बघायचा कंटाळा. कधी कधी आईला कुशीवर वळवताना मनात असे विचार यायचे की ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

धाकटी बहीण मंगल देवगाव रंगारीला दिलेली. तिची पोरं शिकायला बाहेर गेली, घरी ती आणि नवरा, शेती. तिनेच विषय काढला की आता आईला मी कायमची माझ्याकडे नेते. आधी दोन दिवस माझ्या घरी येऊन एकटीने आईला सांभाळून बघते, जमलं तर घेऊन जाते, असं ठरलं. मी वरवर नको-नको केलं. खरं सांगायचं तर तिला जमावं म्हणून मी आतून जीव टाकून बसले होते. आई गेली तर मला माझं आयुष्य मिळणार होतं, थोडं उशिरा का होईना.

ते दोन दिवस मी घरात थांबले तर मंगलच्या मागे मागे फिरणार, हे उघड होतं. आमच्या लॅबच्या काउंटरवर नसरीन आहे, माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणते. तिच्या सासरचे हैदराबादचे पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी पडेगावच्या पुढे, दौलताबादकडे जाताना एक नवं हॉटेल झालंय तिथे खोली घेतली होती. पाहुण्यांचं येणं रद्द झालं. ती म्हणाली, ताई, आपण दोघी जाऊ, मलाही सासू-पोरांपासून सुटका. हॉटेल शरियतप्रमाणे चालवलेलं — दारू नाही, गाणी-बजावणी नाही, फक्त फॅमिली आणि बायका, आणि बायकांसाठी वेगळा स्पा. मी म्हटलं, मला चालेल का तिथे? तर म्हणाली, "ताई, झोपायला कसला मजहब लागतो?" हॉटेलचं नाव मी मुद्दाम देत नाही. त्यांची यात काही चूक नाही.

जागा खरंच छान होती. रिसेप्शनवर खजूर आणि गुलाबाचं सरबत. खाली लहान मुलांची खेळायची खोली, तिच्यातून सतत आरडाओरडा. जेवणाच्या हॉलमध्ये पडदे लावलेले फॅमिली कप्पे. खोलीत भिंतीवर माणसाचं किंवा पाखराचं एकही चित्र नाही, नुसती पानं आणि वळणदार अक्षरं. छतावर एक छोटा हिरवा बाण, किबल्याची, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा दाखवणारा. नसरीन त्या बाणाकडे बघून जानमाज अंथरायची आणि मी पलंगावर पडून त्याच बाणाकडे बघत राहायची. पहिला दिवस मी नुसता झोपून काढला. नान-खलिया खाल्लं, पुन्हा झोपले. मंगलला फोन केला की तिचं एकच — "लई ब्येस चाललंय अक्का, माय जेवली, झोपली. तू बिनघोर राहा." मी बिनघोर राहायचा प्रयत्न करत होते. तेही कामासारखंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, दुपारची नमाज झाल्यावर लेडीज टायमिंग सुरू झालं. म्हणजे स्पा आणि स्विमिंग पूलच्या मजल्यावरून सगळे पुरुष कर्मचारी खाली जातात, काचांवर जाड पडदे ओढतात, कॅमेरे बंद करतात. मोबाईलही आत नेऊ देत नाहीत, कुणी फोटो काढू नये म्हणून. काउंटरवरची बाई तो एका कापडी पिशवीत घालून ठेवते. मला ते फार आवडलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा असा वेळ आला होता की कुणीच मला बोलावू शकत नव्हतं. पिशवीची दोरी ओढली तेव्हा मला हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची लाजही वाटली.

मालिश करणाऱ्या बाईंचं नाव शहनाज. माझ्याच वयाच्या असतील. नसरीन शेजारच्या पडद्याआड. कोमट तेल, अत्तराचा बारीक वास, पाठीवर एकसारखा फिरणारा हात... माझा डोळा लागला असावा. उताणी केव्हा झाले तेही आठवत नाही. शहनाजच्या आवाजाने जाग आली.

"मुठ्ठी खोलो ना आपा."

मी म्हटलं, उघडीच आहे.

"किधर खुली है? देखो."

मी पाहिलं. माझा उजवा हात कोपरात वाकून छातीवर आला होता आणि मूठ घट्ट आवळलेली होती. बोटं आत, अंगठा त्यांच्यावर. तो आकार मी रोज बघते. तो माझ्या हाताचा नव्हताच... तो आईच्या हाताचा आकार होता.

आधी वाटलं पेटका आला असेल. मी बोटं उघडायला गेले. उघडेनात. डाव्या हाताने ओढली, तरी नाहीत. आणि मग तळव्यात कळ आली, अणकुचीदार, चार ठिकाणी. शहनाजने गरम टॉवेल लावला, तेल सोडलं, एकेक बोट चोळलं. ती घाबरली होती. माझं कण्हणं ऐकून नसरीन टॉवेल गुंडाळून पडद्याबाहेर आली. म्हणाली, डॉक्टर बोलवू का?

शेजारच्या ट्रेमध्ये तोंड पुसायचे छोटे नॅपकिन गुंडाळून ठेवले होते. मी विचार न करता डाव्या हाताने त्यातला एक उचलला आणि करंगळीच्या बाजूने मुठीत सारला, अंगठ्याखालून पुढे ओढून घेतला. घरी रोज करते तसा. तर कळ थोडी कमी झाली.

मी तशीच, अंगावर झगा ओढून, काउंटरकडे पळाले. फोन लावायला माझा हात मोकळा नव्हता. नसरीनने लावला आणि माझ्या कानाशी धरला.

मंगलला मी एवढंच विचारलं, "आईच्या हातातली गुंडाळी कुठंय?"

"ती मळकी चिंधी व्हय?" मंगल म्हणाली. "ती काल हात पुसताना काढली म्या. धुऊन वाळत घातलीय. का गं?"

मंगल माझ्यापेक्षा जास्त स्वच्छ बाई आहे. तिच्या घरी चुलीवरची भांडीही चमकतात. तिला ती गुंडाळी कुणीतरी हातात विसरलेली घाण वाटली, तिने ती काढून धुतली आणि परत ठेवायची असते हे तिच्या गावीही नव्हतं. मी सगळं समजावून सांगितलं होतं, औषधं, पेज, कूस बदलणं. गुंडाळी माझ्या इतकी अंगवळणी पडलेली की ती सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. आणि आई... कालपासून नखं तळव्यात रुतवून पडून होती. बोलता येत नाही, हात हलत नाही. सांगणार कुणाला?

मी म्हटलं, मंगल, आधी मूठ उघडून बघ.

मग ती हळूच म्हणाली, "अक्का... रगात हाय."

मी तिला सांगत गेले. मनगट आधी खाली वाकव, म्हणजे बोटं सैल होतील. करंगळीपासून सुरुवात कर. जोर लावू नको. ती फोन स्पीकरवर ठेवून करत होती, रडत होती, आणि मला सांगत होती की करंगळी निघाली. नसरीन माझ्या हाताकडे बघत होती. तिने माझा दंड घट्ट धरला, कारण माझी करंगळी सरळ झाली होती. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मंगल तिकडे बोलायची आणि इकडे ते व्हायचं, मी काहीच करत नव्हते. नसरीन तोंडातल्या तोंडात काहीतरी पढत होती. काउंटरवरची बाई उभी राहिली होती.

नॅपकिन खाली पडला. माझ्या तळव्यावर चार अर्धवट चंद्रासारख्या खुणा होत्या, दोन ठिकाणी रक्त आलेलं. नसरीनने माझी बोटं उलटी करून नखं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या नखांना कापायलासुद्धा कडा नाही.

आम्ही लगेच निघालो. सिडकोत उतरताना नसरीन म्हणाली, "ताई, मैंने देखा है. कुणी खोटं म्हटलं तर माझं नाव सांगा."

घरी मंगल दारातच बसली होती, डोळे सुजलेले. मी सरळ आईच्या पलंगाशी गेले, तिचा तळवा उघडला, शेजारी माझा ठेवला. लॅबमधली सवय, तुलना केल्याशिवाय राहवत नाही. खुणा जिथल्या तिथे होत्या. एक, करंगळीखालची, दोघींचीही थोडी तिरकी.

मंगल म्हणाली, तिला आता आईला न्यायचं तोंड राहिलं नाही. तिच्यावर राग नव्हता. राग वेगळाच होता आणि तो मी इथे स्पष्ट सांगते. कधी नाही ते दोन दिवस मी माझ्यासाठी घेतले होते, आणि तिथेही, पडदे ओढून, फोन जमा करून, आई माझ्या हातात येऊन बसली होती. म्हणजे हिला देवगावला पाठवा, नाहीतर आणखी कुठे, मला सुटका नाही. मला तेव्हा आईची दया आली नाही. मला स्वतःची आली. मी बाथरूममध्ये जाऊन पुष्कळ रडले.

संध्याकाळी मंगल स्वयंपाकाला लागली तेव्हा मी आईजवळ बसले. जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते, माझे वडील असते तर हसले असते. मी आईला म्हटलं, "आई, मी थकले. मला तुला मंगलकडं पाठवायचंय. आता तिला सगळं कळलंय, ती नीट करील. पण तुला जायचं नसेल तर माझा हात मीट. मी पाठवणार नाही. परत विषयपण काढणार नाही."

आणि मी माझा उजवा हात तिच्यासमोर चादरीवर उघडा ठेवला.

आई हाताकडे बघत राहिली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मंगलने गॅस बंद केला, तरी ती बघत होती. तिच्या डोळ्यांत नेहमीच पाणी असतं, त्यामुळे ती रडत होती की नाही मला सांगता येणार नाही. मी बोटांकडे बघत होते, एखादं हलतंय का. मग तिने डोळे मिटले. झोपायचे तसे.

आई आता देवगावला आहे. मंगल रोज गुंडाळी घातलेल्या मुठीचा फोटो पाठवते, मी न मागता. वजनही थोडं वाढलंय आईचं. मी रात्री सलग झोपते. तळव्यावरच्या खुणा हळूहळू गेल्या. आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या एका मेंदूच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ताण, दुसरं काय. मनात काळजी होतीच, शरीराने ती दाखवली. पेटका समजू शकतो. मग मी माझी नखं त्यांच्यापुढे धरली आणि खुणा कशाच्या विचारलं, तर म्हणाले, मॅडम, आराम करा. मी करतेय आराम. कुणाकडे याचं खरं उत्तर असेल तर मला हवंय, पण आग्रह नाही.

एवढंच म्हणते, त्या संध्याकाळी माझा हात मिटला असता तर मी तिला पाठवलं नसतं. आईला हे माहीत होतं. आणि तिने तो मिटला नाही.