आयतवाराचं दुसरं नाव

मला मुंबईच्या बोटीत चढवताना आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "घोवाचा नाव तोंडातसून काढू नको गो. आयुष्य कमी होता तेचा." सुक्या बांगड्यांचं गाठोडं हातात दिलं आणि वळली.

नवऱ्याचं नाव आयतू. आयतवारी जन्मले म्हणून आयतू, जसे आमच्याकडे सोमा आणि बुधा. आई तोंडाने घेण्याबद्दल बोलली, लिहिण्याबद्दल नाही, म्हणून इथे लिहिते.

लालबागच्या चाळीत माझी खरी पंचाईत वाराची झाली. आयतवार म्हणायची सोय नाही. रविवार म्हणावं तर त्यात सासरे येत, त्यांचं नाव रवळू. मी आपली 'सुट्टीचा वार' म्हणायची. नळावर बायका मुद्दाम विचारायच्या, "शनिवारनंतर काय गो येतं?"

शेजारच्या खोलीत दोमिंगो राहायचा, गोदीत फिटर. हे ऐकून तो एकदा म्हणाला, "वहिनी, माझं नाव घ्या की. दोमिंगो म्हणजे आयतवारच."

त्याचा आजोबा स्पेनच्या बोटीवरचा खलाशी. मुंबईत उतरला, लग्न केलं, राहिला. त्यांच्या भाषेत वाराचं नावही दोमिंगो, मूळ अर्थ देवाचा वार. गोव्याकडे शेवटी 'स' लावून दोमिंगोस म्हणतात, यांच्याकडे नाही. हा स्वतः मंगळवारी जन्मलेला, पण आजोबाचं नाव चालवायचं म्हणून दोमिंगो. आमचे हे ऐकत होते. म्हणाले, "मग मी अस्सल, तू नकली." त्या दिवसापासून दोघे एकमेकांना दोमिंगो म्हणायला लागले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका दुपारी हे गल्लीच्या तोंडाशी घोळक्यात घोषणा देत होते. मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. मागच्या रस्त्याने पोलिसांची गाडी वळताना मला दिसली, त्यांना नाही. मी ओरडले, "अहो!" अर्ध्या गल्लीने वर बघितलं. सगळेच कुणाचे ना कुणाचे अहो. हेच तेवढे बघेनात.

मग मी जीव खाऊन ओरडले, "दोमिंगो!"

हे वळले. मागच्या रस्त्याकडे दाखवणारा माझा हात बघितला आणि पळत जिन्यात आले. वर पोचेपर्यंत नाक्यावर गोळीबार सुरू झाला होता.

शेजारचा दोमिंगो बनियनवर बाहेर आला. "काय झालं, वहिनी? मला हाक मारलीत?"

"तुला नाही रे," हे धापा टाकत म्हणाले. "अस्सलाला."

दोघेही आता नाहीत. शेजाऱ्याच्या आजोबाबरोबर एवढा समुद्र ओलांडून आलेलं ते नाव माझ्या कामी आलं, याचं मला अजून नवल वाटतं. गावचे लोक म्हणतात, आता नाव घेतलंस तरी चालेल, परत ये. जाते कधीतरी. गावच्या घरात आयतवार म्हणायला गेले की अजून जीभ अडते.

इथे लालबागला सून सकाळी विचारते, "आई, आज वार कुठला?"

मी म्हणते, "दोमिंगो."

ती पिशवी घेते आणि मटण आणायला निघते.